चौथी पोकळी

२ ऑगस्ट १९६१

आज शाळेत तमाशा झाला आणि तो मी केला, असं सर्वांचं एकमत आहे.

नववीच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवताना मी मोठा तक्ता लावला. माणसाच्या शरीरातल्या मोठ्या पोकळ्या चार. कवटीची, तिच्यात मेंदू. छातीची, तिच्यात हृदय आणि फुप्फुसं. पोटाची, तिच्यात जठर, यकृत, आतडी. आणि त्याखाली कटीची, तिच्यात मूत्राशय आणि बाईच्या शरीरात गर्भाशय. पुस्तकात पहिल्या तिघींना पानंच्या पानं आहेत, चौथीला दीड ओळ. ती दीड ओळ मी समजावून सांगितली, एवढाच माझा गुन्हा. वर्गातल्या शेवंतीने, विश्रामशेटच्या लेकीने, ती घरी जेवताना म्हणून दाखवली. विश्रामशेट आमच्या कमिटीचे अध्यक्ष, बाजारात त्यांचं भुसारी दुकान. भाताचा घास तोंडात होता म्हणे, तसाच राहिला.

गुरुदास सरांनी मला ऑफिसात बोलावलं. हेडमास्तर झाल्यापासून ते खिडकीशी बोलतात, माणसाशी नाही. म्हणाले, "मथुराबाई, तीन पोकळ्या पुरे झाल्या असत्या."

मी म्हटलं, "सर, तीन पोकळ्यांवर तुमचा तरी जन्म झाला असता का?"

हे बोलायला नको होतं. पण बोलले ते बोलले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

५ ऑगस्ट

भाई कचेरीतून आला तो चपला न काढताच ओरडायला लागला. माझा हा थोरला भाऊ मामलेदार कचेरीत कारकून आहे आणि शाळेच्या कमिटीवरही आहे. म्हणजे घरीदारी दोन्हीकडे तोच.

"माका तोंड दाखवूक जागा ठेवलंस नाय! चेडवांक असला शिकवतंस?"

"असला म्हणजे कसला? नाव घे."

त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि पाण्याचा तांब्या मागितला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, आणि मुलं ज्या जागी वाढली तिचं नाव घेता येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ते नाव तीनदा घेतलं, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं. सीता वहिनी चुलीपुढून उठली आणि मागच्या दाराने निघून गेली.

आनंदी आत्ये सुपात तांदूळ निवडत होती. बाबांची ही बहीण विशीतच विधवा होऊन माहेरी आली आणि आई गेल्यावर तिनेच आम्हां दोघांना वाढवलं. मला वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. तर म्हणाली, "गप रवा रे दोघांय. माजी दाढ दुखता." सूप तसंच टाकून आत जाऊन निजली.

सगळ्यांना नेमकं माझ्या भांडणाच्या वेळी काहीतरी दुखतं.

१९ ऑगस्ट

आमच्या भाषेला पोकळ जागांची केवढी हौस! डोळ्याला खोबण, दाताला खोबण, गालाला खळी, गळ्याखाली खळगा, हाताखाली काख. दाताच्या पोटात मज्जेची पोकळी, कीड लागली की खड्डा. डॉक्टर लोक सगळ्याला कॅव्हिटी म्हणून मोकळे होतात, आपण एकेकीचं बारसं केलंय. आणि त्या एका जागेपाशी आलं की हीच भाषा मुकी. "खाली." "तिकडे." "ता", म्हणजे ते. आज वर्गात मुलींना म्हटलं, ज्याला नाव नाही त्याचं दुखणं डॉक्टरला सांगणार कसं? एकीनेही मान वर केली नाही. शेवंती तेवढी फळ्यावरच्या शब्दाकडे टक लावून बघत होती, बहुतेक घरी जाऊन चुगली करायला.

घरी वेगळाच ताप. माझं जुनं वायलचं पातळ नाहीसं झालंय. पेटीत नाही, दांडीवर नाही. मऊ झालं होतं म्हणून घरात नेसायला ठेवलं होतं. वहिनीला विचारलं तर ती आत्येकडे बघते आणि आत्ये जमिनीकडे. शेवटी आत्ये म्हणाली, "मीच फाडलंय. फडकी होयी होती." एक दाढ शेकायला एवढी फडकी कशाला लागतात? मी बरंच बोलले.

संध्याकाळी वह्या तपासत होते तर आत्ये दाराशी येऊन उभी.

"काय गो?"

"काय नाय. तुजो तो तक्तो आसा मां, तेच्यार..."

"तू पण आता माका शिकवू नको हां आत्ये. भाईन धाडल्यान तुका?"

ती तशीच मागे फिरली. घरभेदी नुसती.

१३ सप्टेंबर, चतुर्थी

गणपती आले. मोदक फुटले.

जन्मापासून या घरातले मोदक मी आत्येच्या हातचे खाल्ले. यंदा ती स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नाही. दाढ. वहिनीने एकटीने केले, त्यातले निम्मे उकडताना फुटले आणि भाईने ताटावर तोंड वाकडं केलं. आरतीलाही आत्ये आत आली नाही. बाहेर खळ्यात तुळशीपाशी उभी राहून तिथूनच हात जोडले. दाढ दुखत असली म्हणून देवासमोर का येता येत नाही, हे मला कुठल्याच शास्त्रात सापडलेलं नाही.

मी चेष्टेने म्हटलं, "काय गो, देवाशी भांडान झाला काय?" वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या पोराला मारलंय. मला या घरातल्या बायकांचं काही कळत नाही. दिवसभर कुजबुज, पहाट व्हायच्या आत मागे विहिरीवर धुण्याची धोपट, आणि विचारलं की दातखीळ.

आत्ये वाळलीय मात्र. दुखण्याने तिला धड बसवत नाही, एका मांडीवर कलून बसते. तिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचंच, असं मी ठरवलं.

२४ सप्टेंबर

डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आमच्याकडे आधी देवाकडे जावं लागतं. भाई म्हणाला, "कौल घेतल्याशिवाय दाढ काढूची नाय. ह्या वयात रगात थांबला नाय तर?" रक्ताचं नाव निघताच आत्ये दचकली.

सकाळी देवळात सगळा गाव जमलेला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या कळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या घरातल्या आनंदीक जो दाढेचो त्रास सुरू झालो हा, ती दाढ काढूची की नाय, तो काय तो कौल दी म्हाराजा!" आणि सगळ्यांनी "होय म्हाराजा!" केलं. आनंदीच्या दाढेची बातमी आता रेवतळ्यापासून बंदरापर्यंत पोचली असेल. आत्ये देवळाच्या पायऱ्यांखालीच उभी होती, वर आली नाही. उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार.

भाई खूश. मीही खूश, पण मी ते त्याला दाखवलं नाही.

२८ सप्टेंबर

कुडाळचा दातांचा डॉक्टर बाजाराच्या दिवशी एका दुकानाच्या माडीवर बसतो. मी आणि भाई आत्येला घेऊन गेलो. त्याने आरशाने तोंडात बघितलं, एकेक दात ठोकून बघितला. म्हणाला, "आजी, कुठची दुखते?" आत्येने बोट घातलं, ते आधी एका दाढेवर, मग शेजारच्या दाढेवर.

"ही तर ठणठणीत आहे. कीड नाही, खड्डा नाही. का काढायची?"

मला असा संताप आला! हा कोण माझ्या आत्येला खोटं पाडणारा? मी म्हटलं, "खड्डा वरून दिसलाच पाहिजे असं नाही. आत मज्जेच्या पोकळीत पू झालेला असतो. मी शरीरशास्त्र शिकवते, मला सांगू नका."

भाई म्हणाला, "आणि देवान उजवो दिल्यान हा. काढा तुमी."

आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं. डॉक्टरने खांदे उडवले. दाढ निघता निघेना, मुळं घट्ट. आत्येने हूं की चूं केलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाढ बशीत पडली ती पांढरीशुभ्र, कुठे डाग नाही. डॉक्टरने बशी माझ्यापुढे सरकवली आणि हात धुवायला गेला, ते त्याच्या नशिबाने.

येताना आत्येला म्हटलं, "आता बरा वाटतला." ती म्हणाली, "होय गो बाय."

५ ऑक्टोबर

कमिटीची बैठक. विश्रामशेट म्हणाले, "आम्ही तुमच्या विरुद्ध नाही बाई. पण कटीची पोकळी शिकवणार नाही, असं इथे सगळ्यांसमोर कबूल करा. नाहीतर दिवाळीनंतर येण्याची तसदी घेऊ नका." भाई शेजारीच बसला होता, आपल्या अंगठ्याकडे बघत. मी विचार करून सांगते म्हटलं. नोकरी मला हवी आहे. नोकरी गेली तर या घरात आश्रित म्हणून भाईच्या ताटाखाली राहायचं, आत्ये जन्मभर राहिली तसं. त्यापेक्षा विहीर बरी.

आत्येचं दुखणं दाढ काढूनही थांबलेलं नाही. आता म्हणे दुसरी दुखते. मी म्हटलं, "सगळीच काढून टाकूया." चिडून म्हटलं.

९ ऑक्टोबर

आत्ये सकाळी विहिरीवर पडली. मी धावत गेले. मला वाटलं, कळशी फुटून पाणी सांडलं असेल. ते पाणी नव्हतं.

वहिनी मागून धावत आली. "माका शपथ घातल्यान होती," एवढंच ती म्हणत राहिली. "माका शपथ घातल्यान होती गो वन्सं." शिमग्याच्या आधीपासून अंगावरून जातंय. पाळी जाऊन चारपाच वर्षं झालेली बाई. म्हणून देवासमोर नाही, म्हणून मोदक नाहीत, म्हणून माझं पातळ. वहिनीला ठाऊक होतं. पहाटेचं धुणं वहिनीच धूत होती.

मी एकदा नीट विचारलं असतं तर... नको. सरकारी डॉक्टर बघून गेले. मिरजेला न्या म्हणाले, आजच्या आज.

१२ ऑक्टोबर, मिरज

त्याच दिवशी निघालो. एस.टी.ने घाट, मग मुक्कामाला कोल्हापूर, मग इथे. आत्येने सगळी वाट माझा हात धरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला मला म्हणत होती, "तू रागावू नको हां."

इथल्या डॉक्टरीणबाई पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. तपासून बाहेर आल्या. भाई व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता. त्याला त्यांनी विचारलं, "कधीपासून होतंय?" भाई म्हणाला, "दाढेचा... म्हणजे दाढ दुखत होती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. सगळं, नावं घेऊन. आमच्या घरात हे शब्द घेता येणारी मी एकटीच होते आणि त्यांचा उपयोग मी नवव्या इयत्तेत केला.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. पसरलाय. कापून उपयोग नाही. रेडियमचे शेक देता येतील, रक्त थांबेल, दुखणं कमी होईल. "फाल्गुनात आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती," त्या म्हणाल्या. रागावून नाही, आणि म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.

१५ ऑक्टोबर, मिरज

आज आत्येशी भांडले. मरणाच्या दारात असलेल्या माणसाशी कोणी भांडतं का? मी भांडले.

"माका सांगूक काय झाला होता तुका? मी काय भाई आसंय?"

तिने तोंड छताकडे फिरवलं. मग म्हणाली, "सांगलंय असता तर तू भाईक सांगतलंस. भाई कौल घेवक जातलो. गुरव देवळात उभो रवान सगळ्या गावासमोर माजा गाऱ्हाणा घालतलो. माज्या अंगाचा, त्या जागेचा. आणि बाप्ये 'होय म्हाराजा' म्हणतले. दाढेचा चलता. दाढ कोणाकय असता."

"म्हणान धडधाकट दाढ उपटून घेतलंस?"

"एक दाढ गेली. लाज तरी रवली मां."

मला ओरडावंसं वाटलं. कोणावर, हे कळेना. गुरवावर? तो बापडा जे सांगतील ते देवाला सांगतो. भाईवर? तो बाहेर बाकावर बसून कालपासून जेवलेला नाही. मग तिनेच सांगितलं, "एकदा इलंय होतंय तुज्याकडे. तुज्या तक्त्यार ती जागा खंयची ती दाखव, म्हणान विचारूक. तू वह्यांत होतंस."



१६ नोव्हेंबर

शेक संपले. दिवाळी मिरजेतच गेली. आत्ये घरी आलीय, रक्त थांबलंय, पेज पिते. ओटीवरच्या खोलीत तिचं अंथरूण. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन जेवढे सांगितले तेवढेच, थोडेच दिवस आहेत.

आज विश्रामशेट समाचाराला आले. भाईने त्यांना चहा दिला आणि मी ऐकत असताना, अगदी सहज, म्हणाला, "दाढेचं विष अंगात भिनलं हो. दुसरं काय." मी हातातलं तबक खाली ठेवलं. मी तोंड उघडणार एवढ्यात आतून आवाज आला. आत्येचा. एवढा मोठा आवाज तिने जन्मात कधी काढला नसेल.

"भाई, खोटा कित्याक सांगतंस रे? माजी दाढ बरी होती. पिशवी सडली हा माजी, पोराची पिशवी. सांग तेंका."

चहा तसाच राहिला. विश्रामशेट उठले, चपला उलट्या घातल्या, परत सुलट्या घातल्या आणि गेले. भाई उंबऱ्यावर बसला आणि पोरासारखा रडला. मी त्याला उगी केलं नाही. वहिनीने केलं.

२० नोव्हेंबर

शाळा उघडली. मला कोणी येऊ नका म्हटलेलं नाही, कोणी या असंही म्हटलेलं नाही. गुरुदास सर खिडकीशी बोलत होते. मी सरळ नववीत गेले.

कुठलंही पुस्तक उघडलं नाही. मुलींना सांगितलं, माझ्या आत्येचं नाव आनंदी. तिला काय झालंय, ते कुठे झालंय, ती काय म्हणत राहिली आणि आम्ही शिकलेल्या माणसांनी तिचं काय उपटून आणलं, सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहिले, तरी मी थांबले नाही. शेवटी म्हटलं, आज घरी जा आणि आईला, मावशीला, आजीला, जी कोणी असेल तिला एकटीला गाठून विचारा. दाढेचं विचारू नका. नाव घेऊन विचारा.

उद्या मला काढतील. काढोत.

२२ नोव्हेंबर

काल दिवसभर काहीच झालं नाही. आज दुसऱ्या तासाला शेवंती जागेवरून उठली आणि वर्ग चालू असताना माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, बापाचा निरोप. मी तयारीतच होते, दोन शब्द सुनावायला.

ती अगदी हळू म्हणाली, "बाई, मी काल रात्री आईला विचारलं. आधी तिने माझ्या थोबाडीत मारली. मग दार लावून घेतलं आणि सांगितलं." तिच्या गालावर अजून वळ होता. "गणपतीपासून होतंय म्हणाली. बाबांना ठाऊक नाही. आता काय करायचं बाई?"

मी खडू खाली ठेवला आणि तिच्याबरोबर निघाले. व्हरांड्यात गुरुदास सर आडवे आले. "मथुराबाई, तास चालू आहे." मी थांबले नाही. बाजारातून जाताना माझ्या डोक्यात विश्रामशेटला ऐकवायची वाक्यं रचून तयार होती, एकापेक्षा एक. बैठकीतलं, तसदीचं, भाताच्या घासाचं.

विश्रामशेट गल्ल्यावर होते. दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं, गोणींच्या मध्ये. शेवंती दाराला पाठ लावून उभी राहिली. मी नाव घेऊन सांगितलं. कुठे, काय, कधीपासून.

ते तांदळाच्या गोणीवर बसले. हाताला जे लागलं ते धरून बसले. रचलेल्यातलं एकही वाक्य मला बोलता आलं नाही.

"वेळ आसा मां बाई?" त्यांनी विचारलं. "अजून वेळ आसा मां?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "गाडी सांगा. आजच."